मिनिएचर गुलाबाच्या कुंडीभोवती बारीक चिलटं, काय करू?

पर्णिका:
नमस्कार मंडळी, खिडकीत मिनिएचर गुलाबाच्या कुंड्या आहेत आणि त्यांच्याभोवती बारीक काळी चिलटं झालीयेत. पाणी घालायला गेलं की मातीतून भुर्रकन उठतात आणि परत तिथेच बसतात, कुंडीच्या काठावर तुरुतुरु पळतात पण. पानांवर काही दिसत नाही, कळ्याही येतायत, फक्त एका झाडाची खालची पानं पिवळी पडून गळतायत. पानांवर नीम ऑइल मारून झालं, काडीचा फरक नाही. घरचे म्हणतात कुंड्या बाहेर काढ, पण मला त्या इथेच हव्यात. ही कुठली कीड, आणि झाडाला धोका आहे का?

मातीवेडा:
मातीतून उठतायत ना, मग फंगस नॅट, म्हणजे ओल्या मातीतल्या बुरशीवर वाढणारी बारीक माशी. पांढरी माशी असती तर झाड हलवल्यावर पानांखालून उडाली असती, आणि रंगही पांढरा. उडणारी चिलटं झाडाला काही करत नाहीत, ती आठवडाभर जगतात आणि ओल्या मातीत अंडी घालतात. त्रास अळ्यांचा. वरच्या 2-5 सेंटीमीटर मातीत असतात, अंग काचेसारखं आरपार आणि डोकं काळं चकचकीत. बुरशी आणि कुजलेला पालापाचोळा खातात, संख्या वाढली की बारीक मुळंही कुरतडतात. म्हणून तर पानांवरच्या नीमचा उपयोग झाला नाही.
खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती कापून मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या असतील तर खाली चिकटलेल्या दिसतील.

हिरवाकोपरा:
पिवळे चिकट सापळे आणा आणि मातीच्या अगदी जवळ आडवे ठेवा, उंच टांगू नका, ही चिलटं फार वर उडत नाहीत. माती पूर्ण कोरडी होऊ द्या, आपोआप जातील.

काटेरी:
सापळ्याचं बरोबर, पण माती पूर्ण कोरडी करायचा सल्ला गुलाबाला देऊ नका प्लीज! निवडुंगाला चालेल, इवल्याशा कुंडीतला गुलाब पूर्ण वाळला की कळ्या गळतात आणि वर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो, तो चिलटांपेक्षा कितीतरी वाईट. फक्त वरचा थर कोरडा हवा, मुळं ओली राहू देत. त्यासाठी पाणी खालून द्यायचं, कुंडी पाण्याच्या बशीत अर्धा तास ठेवायची आणि मग उरलेलं पाणी ओतून टाकायचं, हे ओतणं विसरू नका. पुढचं पाणी बोट खुपसून वरचे 2 सेंटीमीटर कोरडे लागले की मगच.
पर्णिकाताई, कुंडी शोभेच्या दुसऱ्या भांड्यात ठेवलीये का? विकतची झाडं बहुतेक तशीच असतात, बाहेरच्या भांड्याच्या तळाला पाणी साचतं आणि बाहेरून कळतही नाही. शिवाय एका कुंडीत बऱ्याचदा चार-चार कटिंग (फांदीच्या तुकड्यांपासून केलेली रोपं) दाटीने लावलेली असतात, मधली माती वाळतच नाही. आणि पिवळी पानं बहुधा अळ्यांमुळे नाही तर साचलेल्या पाण्यामुळे असतील, मुळं गुदमरतात.

पर्णिका:
हो, शोभेच्या भांड्यातच आहे! आत्ता उचलून बघितलं तर तळाला पाणी आहे आणि वासही येतोय. बटाट्याची चकती आधीच लावली होती, खाली पांढुरक्या अळ्या वळवळतायत, डोकं काळंच. आता औषध घालावं लागेल का?

मातीवेडा:
आधी पाणी सुधारा. नसेल भागत तर बीटीआय वापरा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू, डासांच्या अळ्यांसाठी मिळतं तेच. सुरवंटांसाठीचं साधं बीटी चालत नाही, लेबल नीट वाचा. पाण्यात मिसळून मातीत द्यायचं आणि दर आठवड्याला परत, कारण अंडी आणि कोषांवर ते काम करत नाही. अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा, त्यामुळे पहिल्या आठवड्यात सापळ्यावर चिलटं दिसली म्हणून थांबवू नका.

काटेरी:
आणि वास येतोय म्हटलंत तर ते झाड आजच कुंडीतून काढून मुळं बघा. काळी लिबलिबीत असतील तेवढी कापून टाका, पांढरी-तपकिरी घट्ट असतील ती ठेवा, आणि नव्या मोकळ्या मातीत लावा, कुंडी मुळांपेक्षा थोडीशीच मोठी. चार कटिंग असतील तर वेगळी करायला हीच वेळ, फक्त ओढाताण करू नका, बादलीत पाण्यात बुडवून हलक्या हाताने सोडवा. नवीन मातीत निचऱ्यासाठी परलाइट (पांढरे हलके खडे) घाला, आणि अर्धवट कुजलेलं कंपोस्ट नको, चिलटं त्यावरच येतात.