उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, टीनएजर पोरांसकट: तुमचे अनुभव लिहा

मेतकूटभात
किरुनाचं चर्च ट्रेलरवर बसून निघालंय, तो व्हिडिओ आज परत व्हॉट्सॅपवर आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनने ते अख्खं लाकडी चर्च पाच किलोमीटर पलीकडे नेलं. लोखंडाच्या खाणीमुळे खालची जमीन खचतेय म्हणून गावच सरकवतायत. आम्ही ते जुन्या जागी बघितलं होतं. म्हणजे मी आणि नवऱ्याने. सोळा आणि तेरा वर्षांची आमची दोन रत्नं चार्जिंगचा सॉकेट शोधत होती.

त्या ट्रिपसाठी नवऱ्याने एक्सेल शीट केली होती. आठला नाश्ता, नऊला बाहेर. स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीने अबिस्कोला उतरलो आणि तिथे ती शीट वारली. मुलं उठणार दुपारी बाराला. "सूर्य मावळतच नाही तर नऊलाच का निघायचं?" हा थोरल्याचा सवाल, आणि त्याला खरंच उत्तर नव्हतं. मग आम्ही जेवणं उरकून रात्री निघायला लागलो. कुंग्सलेडेन ही चारशेवर किलोमीटरची पायवाट अबिस्कोहूनच सुरू होते. तिचा पहिला तुकडा आम्ही रात्री अकरा वाजता, डोक्यावर टोपी घालून, उन्हात चाललो. वाटेत चिटपाखरू नाही. आणि पोरं बोलत होती हो! घरी "हं" आणि "माहीत नाही" एवढंच ऐकायची सवय आम्हाला.

तुम्ही कुठे गेलात, कसं ठरवलंत, पोरांचं काय झालं? व्हिसापासून सगळं लिहा.

कुकरचीशिट्टी
वाचतेय!! येत्या जूनचं चाललंय, लेक चौदाची. तिचा एकच प्रश्न, वायफाय आहे ना. डाळ उतू जातेय, नंतर येते.

लांबचापल्ला
नॉर्वेतलं ट्रोम्सो. तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. केबल कारने डोंगरावर जाता येतं, पण शेजारून दगडी पायऱ्याही आहेत, बाराशेच्या आसपास, नेपाळच्या शेर्पांनी येऊन बांधलेल्या. मुलगा म्हणाला केबल कार म्हाताऱ्यांसाठी. मी म्हातारा, मी केबल कारने. वर भेटलो तेव्हा रात्रीचे साडेबारा, लोक गॉगल लावून बसलेले. मेतकूटभात यांच्याशी शंभर टक्के सहमत, या वयाच्या पोरांचं घड्याळ तिकडच्या आकाशाशी जुळतं.

सौ_निशाचर
झोपेचं कुणी लिहिलं नाही अजून. डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या, माणशी एक. जाड पडदे सगळीकडे नसतात. आमच्या ह्यांनी खिडकीला माझी ओढणी लावली, सेफ्टीपिनांनी.

मालवणी_तडका
लोफोतेन, नॉर्वेची बेटं!! लाकडी मांडवांवर कॉड मासे टांगून वाळवतात, फेब्रुवारीपासून. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो तेव्हा काही अजून लटकत होते. गाडीची काच खाली केली आणि थेट मालवणच्या सुक्या बाजारात आल्यासारखं झालं. बायकोच्या डोळ्यात पाणी, मुलीच्या नाकाला रुमाल. मीठ अजिबात नाही, नुसता वारा आणि थंडी. मुंडकी वेगळी वाळवून नायजेरियाला जातात. मुलीला हेन्निंग्सवेअरचं फुटबॉल मैदान बघायचं होतं, खडकावर समुद्राच्या मधोमध. ड्रोनमधून दिसतं तसं जमिनीवरून दिसत नाही, यावर अर्धा तास रुसवा.

कुकरचीशिट्टी
@मालवणी_तडका विकत आणलात का? तिखल्यात कसा लागेल?

मालवणी_तडका
दगडासारखा असतो, दिवसेंदिवस भिजत घालावा लागतो. बांगड्याला तोड नाही. विषय संपला.

संकष्टीवाल्या
सासूबाई बरोबर होत्या. ट्रोम्सोत संकष्टी आली. चंद्रोदय कधी? तिथे जूनमध्ये सूर्य वर, तर पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्याच्या उलट, क्षितिजाखाली. आला तरी जेमतेम डोकावणार. नातवाने फोनवर ॲप उघडून आजीला हे सगळं समजावलं, पाऊण तास. मी त्याला एवढा वेळ सलग बोलताना दहावीच्या तोंडीतही ऐकलं नव्हतं. आजीने शांतपणे ऐकून निर्णय दिला: पुण्याचा चंद्रोदय धरायचा. पुण्यात रात्रीचे दहा म्हणजे तिथे साडेसहा. आम्ही चहा पीत होतो, आजी मोदक (बेसनाचे लाडू हो, मोदक कुठून) खाऊन मोकळ्या.

लांबचापल्ला
आजी 🙏🙏 माझे वडील लोकमान्यांचं पारायण करत होते सगळ्या रस्त्यात. १९०३ साली टिळकांनी लिहिलं ना, वैदिक लोकांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं म्हणून. मुलगा म्हणाला, "मग व्हिसा कशाला लागतो आपल्याला?"

फाईलवाली
व्हिसावरून आठवलं. बारा वर्षांवरच्या मुलांना शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) फी मोठ्यांचीच, ९० युरो. अर्ज सहा महिने आधी करता येतो, तो लगेच करा, एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाही. आणि स्वालबार्ड बेटांवर जाणार असाल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. ते नॉर्वेचंच, पण शेंगेनमध्ये नाही, तिथून परत येणं हा दुसरा प्रवेश धरतात. आमच्या बरोबरच्या एका कुटुंबाला हे मुंबईतच कळलं म्हणून वाचले.

अर्धवट_शास्त्रज्ञ
स्वालबार्डला गेलो होतो, लेकीला बियाणांची तिजोरी (जगभरातलं बियाणं जपून ठेवतात ती) बघायची होती म्हणून. आत सोडत नाहीत. बाहेरून दार बघायचं, फोटो काढायचा, परत. दाराचं कौतुक करायला तेवढं विमानभाडं, असं ती आजही ऐकवते. गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांपासून संरक्षणाची सोय असल्याशिवाय जायचं नाही, म्हणून बंदूकधारी गाईड. ते मात्र इन्स्टावर टाकलं. न्यू-ओलेसुंडला भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, २००८ पासून, तिथपर्यंत जमलं नाही.

सिएटलची_साने
आम्ही अलास्का. फेअरबँक्सला २१ जूनला रात्री दहाच्या सुमारास बेसबॉल मॅच सुरू होते, दिव्यांशिवाय, १९०६ पासूनची प्रथा. मुलांना बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही, पण मध्यरात्री मॅच म्हटल्यावर टुणकन तयार. देनाली नॅशनल पार्कमध्ये स्वतःची गाडी पंधराव्या मैलापर्यंतच, पुढे पार्कची बस. २०२१ मध्ये दरडीमुळे रस्ता ४३ व्या मैलापाशी बंद झाला, आमची बस तिथूनच फिरली. अस्वल दिसलं. धाकटा झोपला होता, उठवलं तर म्हणे फोटो काढून ठेव.

सौ_निशाचर
@सिएटलची_साने धाकटा आमच्याकडचाच दिसतो 😂

डासमारी
फिनलंडच्या लॅपलंडला जुलैच्या सुरुवातीला जाऊ नका. डास. रोव्हानिएमीला सांताच्या गावात मुलीने सांताला काय मागायचं तर फवारा. ऑगस्टच्या शेवटाला जा, डास जातात, रात्र थोडी परत येते.

कुकरचीशिट्टी
आले. डाळ गेली. फाईलवाली ताई, साजूक तूप नेता येतं का नॉर्वेला?

फाईलवाली
नाही हो, भारतातून दूध-दुभतं आणि मांस नेऊ देत नाहीत. तुपातले लाडूही घरीच ठेवा. चिवडा, मेतकूट, थालिपीठाची भाजणी न्या. आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच ब्रेड-दही आणून ठेवा.

संकष्टीवाल्या
अगंबाई. आमच्या बेसनाच्या लाडवात तूपच होतं की.

मालवणी_तडका
आजींना सांगू नका.

कुकरचीशिट्टी
@मेतकूटभात नावावरून विचारते, मेतकुटाला हरभराडाळ आणि उडीदडाळ किती घेता? माझं कडू होतंय.

मेतकूटभात
मेथ्या कमी कर, आणि अगदी मंद भाजायच्या. प्रमाण व्यनिने (खाजगी निरोपात) कळवते. ट्रेनची बर्थ आत्ता बघ पण, जूनची लवकर भरतात.