थर्ड इयर बायोलॉजी प्रोजेक्ट: कडुनिंब-तुळस सोडून काही सुचवा ना (इंदूर)

पोहे_विथ_शेव
नमस्कार. मी इंदूरला बीएस्सी थर्ड इयरला आहे, बॉटनी-मायक्रो. चार जणींचा ग्रुप, प्रोजेक्ट कम्पल्सरी आणि हातात धड तीन महिने पण नाहीत. सरांनी विषय दिलाय कडुनिंब आणि तुळशीच्या अर्काची अँटिबॅक्टेरियल ॲक्टिव्हिटी. हाच विषय मागच्या वर्षी होता, त्याच्या आधी पण होता, लायब्ररीत फायलींचा गठ्ठा पडलाय आणि सीनियर म्हणतात पेनड्राइव्ह आण, नाव बदल, झालं काम. मला तसं करायचं नाहीये यार. लॅबमध्ये एक ऑटोक्लेव्ह, एक इन्क्युबेटर (अर्धा दुसऱ्या बॅचने अडवलेला), मायक्रोस्कोप मात्र चांगले आहेत. पीसीआर वगैरे विसरा. खर्च चौघींत मिळून दोन हजार. पुढे चौथं वर्ष रिसर्चवालं करायचंय म्हणून एकदा तरी खरंखुरं काहीतरी करून बघायचंय.

राजवाड्याचा_भिया
काय भिया, कशाला टेन्शन घेताय. कडुनिंबच करा. झोन (अर्काच्या डिस्कभोवती बॅक्टेरिया न वाढलेला गोल) येतोच, फोटो काढा, फाइल बांधा, सराफ्यात जाऊन गराडू खा. चौथ्या वर्षाला प्रोजेक्ट कोणी विचारत नाही, पहिल्या सहा सेमिस्टरचे ७५ टक्के बघतात. मार्क सांभाळा.

लॅबवाली_मावशी
७५ टक्क्यांचं बरोबर आहे त्याचं, यूजीसीने तसंच ठरवलंय. पण "झोन येतोच" वाचून हसू आलं, कारण तो आमचाही आला होता. बीएस्सीला असताना आम्ही पानं वाळवून इथेनॉलमध्ये अर्क काढला, ६ मिमीच्या कागदी डिस्क त्यात बुडवल्या आणि ओल्याच्या ओल्या प्लेटवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती सुंदर स्वच्छ गोल! मी पट्टी लावून मोजला, ११ मिमी, वहीत लाल पेनने लिहिला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, "नुसत्या इथेनॉलची डिस्क कुठाय?" नव्हतीच. नंतर घरच्यासारख्या लॅब असिस्टंट काकांना मस्का मारून लावून बघितली तर अल्कोहोलच्या ओल्या डिस्कभोवती पण १० मिमी. म्हणजे कडुनिंब बिचारा उगाच मिरवत होता. तेव्हा अगं, सर ऐकतच नसतील तर कडुनिंबच कर, पण सॉल्व्हंटची डिस्क लाव, डिस्क पूर्ण वाळू दे, बॅक्टेरियाचं सस्पेन्शन ०.५ मॅकफरलंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळव, प्लेटमध्ये आगर (बॅक्टेरिया वाढवायची जेली) ४ मिमी जाड ओत. आणि एकाच प्लेटवर तीन डिस्क म्हणजे तीन रिडिंग नव्हेत, वेगवेगळ्या प्लेट हव्यात. एवढं केलंस आणि झोन आलाच नाही तर "आला नाही" असं लिही, तोही रिझल्टच असतो.

कांदा_एमएस्सी
मायक्रोस्कोप चांगले आहेत ना, मग कांदा करा. कांद्याच्या मुळांच्या टोकांवरून पाण्याचा विषारीपणा बघायचा. लेव्हान यांनी १९३८ मध्ये वापरलेली पद्धत आहे, आजही चालते, कारण कांद्यात क्रोमोसोम फक्त १६ आणि चांगले मोठे, डोळ्यांना त्रास कमी. पाणी कुठलं? आपली कान्ह नदी आहेच. शहरात शिरायच्या आधीचं एक सॅम्पल, कृष्णपुरा छत्रीजवळचं एक आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेला साधं पाणी. ग्लोव्ह्ज घाला, प्लीज.
चोइथराम मंडीतून एकसारखे छोटे कांदे आणा. वरची सुकी सालं काढा, खालची जुनी मुळं ब्लेडने हळूच खरवडा पण कडेचं नव्या मुळांचं कडं कापू नका, नाहीतर मुळं येणारच नाहीत. कांद्याचं बूड पाण्याला टेकेल असं ग्लासवर ठेवा, दोन-तीन दिवसांत मुळं येतात. टोकं तीन भाग इथेनॉल एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये फिक्स, मग ॲसिटोकार्माइन (क्रोमोसोम रंगवायचा लाल रंग), कव्हरस्लिप, ब्लॉटिंग पेपर आणि अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा, सरकला की स्लाइड गेली! मग किती पेशींतल्या किती डिव्हाइड होतायत ते मोजा, तो मायटोटिक इंडेक्स. हजार-हजार पेशी मोजताना मान मोडते, पण चौघी आहात, वाटून घ्या.

शंकासुर
कांदा उत्तम, पण तीन ठिकाणी फसाल. एक तर कंट्रोलला नळाचं नर्मदेचं पाणी सरळ घेऊ नका, त्यात क्लोरीन असतं, रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा किंवा डिस्टिल्ड घ्या. दुसरं, मावशींनी प्लेटचं सांगितलं तेच इथे, एका कांद्याची दहा मुळं म्हणजे दहा सॅम्पल नाहीत, सॅम्पल कांदा आहे, दर पाण्याला निदान पाच-सहा कांदे ठेवा आणि कुठला कांदा कुठल्या पाण्यात ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर गुबगुबीत कांदे नकळत कंट्रोलला जातात. तिसरं, मोजणाऱ्या मुलीला स्लाइड कुठल्या पाण्याची हे कळता कामा नये. दुसरीने अ, ब, क लेबल लावायची आणि यादी कुलपात. आणि निकाल आला की "कान्ह विषारी आहे" असं ठोकून देऊ नका. त्या दिवशीच्या त्या पाण्यात विभाजन कमी दिसलं, इतकंच म्हणता येतं.

राजवाड्याचा_भिया
एवढं सगळं दोन हजारांत?

कांदा_एमएस्सी
कांदे, ग्लास, ब्लेड. केमिकल तर डिपार्टमेंटचीच. उरलेल्या पैशांची तुझी गराडू.

पोहे_विथ_शेव
सर हो म्हणाले!! पण अट घातली की कडुनिंब "जोडीला" ठेवा, म्हणजे एक पाणी कडुनिंबाचा अर्क घातलेलं. म्हटलं ठीक आहे. घरी आधी ट्रायल लावली, ओट्यावर बारा ग्लास बारा कांदे, आजी म्हणते पिठलं करायला घेतले तर चालतील का. आता प्रश्न असा की साध्या पाण्यातल्या सहा कांद्यांपैकी एकाला तिसऱ्या दिवशी पण मूळ नाही, बाकीच्यांना छान आलीयत. हा एक काढून टाकू का? मैत्रीण म्हणते कंट्रोल खराब दिसेल.

लॅबवाली_मावशी
काढू नकोस गं. सहापैकी एकाला आलं नाही, असंच वहीत लिही, तारीख घालून. आणि त्याचं बूड बघ, खरवडताना कडं कापलं गेलंय का.

पोहे_विथ_शेव
बघितलं. कापलं गेलंय. हा मीच सोलला होता.