डोळ्यात लोखंडाचा टवका गेला, रिपोर्टमध्ये बॅसिलस आलंय, कुणाला माहिती आहे का?

रानवारा:
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. परवा दुपारी रोटाव्हेटरचं पातं बदलत होता, बोल्ट माती आणि गंजाने पार जाम झालेला म्हणून छन्नी लावून हातोडीने ठोकत होता तर काहीतरी टचकन डाव्या डोळ्याला लागलं. रक्त नाही, फार दुखलंही नाही, बुबुळावर बारीक टिंब दिसत होतं बास. गावात ड्रॉप्स दिले, घरी आलो. पहाटे चारला ओरडतच उठला, पापणी एवढी सुजलेली की डोळा उघडेना, अंगात ताप, टॉर्च मारला तर फक्त उजेड कळतोय म्हणे. जिल्ह्याच्या गावी नेलं, सीटी स्कॅनमध्ये आत लोखंड दिसलं, कालच डोळ्यात इंजेक्शन देऊन ऑपरेशन पण झालं. आज कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) बॅसिलस सिरियस नावाचा जंतू आलाय. डॉक्टर म्हणाले क्वचित सापडतो पण फार वाईट. एवढ्या तासांत असं कसं झालं? आणि नजर येईल का?

सुगरण७२:
आमच्याकडे डोळ्यात काही गेलं की बाळंतिणीचं दूध घालायचे, लगेच गार पडायचं. विचारून बघा.

लेथवाला:
ताई कृपा करून असं काही सांगू नका, डोळ्याला भोक पडलंय तिथे दूध घालायचं? आमच्या वर्कशॉपमध्ये एकाला असंच झालेलं, तोही दिवसभर काम करत राहिला "काही नाही रे" म्हणत. दुसऱ्या दिवशी बुबुळाभोवती पांढरी रिंग आली होती, अजून डोळ्यासमोर आहे. त्याचा डोळा काढावा लागला. साधा गॉगल खिळ्यालाच लटकवलेला होता.

नेत्र_रेसिडेंट:
पेशंट न बघता नक्की काही सांगता येणार नाही, पण जे ऐकलं त्यावरून तुमच्याकडे वेळेत केलंय. हा जंतू मातीत सगळीकडे असतो, बाहेर राहिलेल्या शिळ्या भाताने उलट्या होतात ना, त्यामागेही बऱ्याचदा हाच असतो. पोटात गेला तर एक दिवसाचा त्रास, डोळ्यात गेला तर मात्र तो विषं सोडतो आणि पोहत पोहत सगळीकडे पसरतो, पडद्याचं काही तासांत नुकसान होतं. मातीने माखलेल्या लोखंडासोबत तो थेट आतच गेला, आणि जखम इवलीशी असल्याने ती मिटून जाते म्हणून कुणाला शंका येत नाही. वरून टाकलेले ड्रॉप्स डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक जेलपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. पेनिसिलिनला तो सहसा दाद देत नाही, व्हॅनकोमायसिन या अँटिबायोटिकला देतो, म्हणून रिपोर्टची वाट न बघता डोळ्यात व्हॅनको 1 मिलिग्रॅम आणि इतर जंतूंसाठी सेफ्टाझिडाइम 2.25 मिलिग्रॅम देतात, दोन्ही फक्त 0.1 मिलीत, आणि व्हिट्रेक्टॉमी करून पू भरलेलं जेल काढतात. एमआरआय नाही केला तेही बरोबर, चुंबकाने लोखंड आत सरकलं असतं.

नजरेचं खोटं आश्वासन देत नाही, या जंतूत बऱ्याच जणांची जाते. पण उजेड कळत होता ही जमेची बाजू. टिटॅनसचं इंजेक्शन झालंय ना ते विचारा.

रानवारा:
टिटॅनस गावातच झालं होतं. आज पट्टी काढली तेव्हा समोर हात हलवला तर कळला त्याला, आई तिथेच खाली बसली. पण उजव्या डोळ्यावरही लक्ष ठेवा म्हणाले, तो तर चांगला आहे, मग का?

नेत्र_रेसिडेंट:
क्वचित असं होतं की जखमी डोळ्यामुळे शरीर चांगल्या डोळ्यावरही उलटतं, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. उजव्याला धूसर दिसलं, उजेड सहन होईना, लाली आली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी जा.

लेथवाला:
आणि जाताना तो तुटका बोल्ट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, कधीकधी किती तुकडा उडाला ते त्यावरून कळतं.

रानवारा:
बोल्ट अजून रोटाव्हेटरलाच आहे हो. संध्याकाळी बघतो.