शाळेत मराठी टायपिंग शिकवायचं तर इनस्क्रिप्टच, फोनेटिक नको

(कोल्हापूरकरांची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खासबाग

मराठी माध्यमाच्या शाळेतसुद्धा संगणकाच्या तासाला मराठी लिहायची वेळ आली की मुलं इंग्रजी स्पेलिंगवर जातात. एस, एच, ए, एल, ए दाबायचं आणि खाली उघडलेल्या यादीतून शाला की शाळा ते निवडायचं. बाराखडी घोटून आलेल्या पोराला आपलीच भाषा परक्या लिपीतून फिरवून आणायला लावणं मला पटत नाही. सहावीपासून इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरं थेट बटणांवर बसवलेली मांडणी, शिकवा आणि लॅबच्या मशिनवरून हे इंग्रजी स्पेलिंगचं फोनेटिक काढूनच टाका.

इनस्क्रिप्ट अवघड असल्याचा बोभाटा बहुतेक त्यावर कधी बोटं न ठेवलेल्यांनी केलाय. डाव्या हाताकडं स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडं बहुतेक व्यंजनं. एफवर ि, शिफ्ट धरून एफ दाबलं की सुटा इ. केवर क, शिफ्टसह ख. आयवर ग, शिफ्टसह घ. डी हे पाय मोडायचं बटण. आता 'कोल्हापूर' लिहा: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ बटणं, शिफ्ट एकदाही नाही, यादीतून निवडणं नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक एवढाच की दुसऱ्यात जे दाबताना शिफ्ट धरायचं.

शिकवताना मधल्या ओळीपासून सुरू करा. डावीकडं ो े ् ि ु आणि उजवीकडं प र क त च ट. एवढ्यावर कुत्रे, चित्र, पत्र, चोर, पोट हे सगळं लिहून होतं, म्हणजे पहिल्याच तासाला मूल खरे शब्द लिहितं. तीन तास ही ओळ, मग वरची, मग खालची. शिफ्ट सगळ्यात शेवटी. बटणांना स्टिकर लावू नका, मान कायमची खाली राहते. छापलेला तक्ता मॉनिटरच्या वर चिकटवा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन इथून मराठी भाषा जोडली की येणारा साधा 'मराठी' कीबोर्ड इनस्क्रिप्टच असतो. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते.

ट्रेडल

भावा, तक्ता चिकटवून पोट भरत न्हाई. छापखान्यात जाऊन बघ. आजबी श्री-लिपी, आकृती असली जुन्या फॉन्टांची सॉफ्टवेअरं चालत्यात, पानं जुळवायला पेजमेकर चालतंय. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्याला युनिकोड, म्हंजे सगळ्या मशिनवर अक्षराला एकच क्रमांक, म्हणजे काय तेच ठावं न्हाई. जुन्या कोरलड्रॉमधी युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षर मोडून पडतंय आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागतीय. गिऱ्हाईक पत्रिका घेऊन दारात उभं असताना त्याला काय सांगायचं, सहावीतली पोरं शिकाय लागल्यात, थांबा?

दुसरं, नोकरीचं. क्लार्क-टायपिस्टला मराठी ३० नायतर इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकीट मागत्यात. आपल्याकडच्या टायपिंग क्लासात मराठीला रेमिंग्टन, म्हंजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकवत्यात. म्हंजे पोरगं शाळेत एक शिकणार, क्लासात दुसरं, फोनवर तिसरं. शिकवायचंच तर रेमिंग्टन शिकवा, निदान सर्टिफिकीट तरी पदरात पडंल.

आठवी ब

वर्गात उभं राहून हिशोब करा. लॅबमध्ये वीस मशिन, वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा असं धरा. हजेरी, चपला, पासवर्ड यांत दहा मिनिटं जातात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत एका मशिनवर तिघं, म्हणजे एकाला आठ मिनिटं. आठवड्याला आठ मिनिटांत बोटांना वळण लागत नाही. पुढच्या आठवड्यात मूल पुन्हा कोरं येतं, मध्ये दिवाळीची सुट्टी आली तर विचारूच नका.

फोनेटिकवर तेच मूल पहिल्या तासाला चार ओळी लिहितं, दुसऱ्या तासाला आपण मुद्द्यावर येतो: तक्ता करणं, फाइल नीट नाव देऊन ठेवणं, ई-मेलला जोडणं. संगणकाचा तास म्हणजे टायपिंगचा क्लास नव्हे. आणि फोनेटिकला इंटरनेट लागतं अशी कुणाची समजूत असेल तर सोडा. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक आहे, नेट नसताना चालतं.

खासबाग

ट्रेडलदादा, तुम्ही दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं ही मांडणी. ते अक्षर फाइलमध्ये कुठल्या क्रमांकानं साठवलं जातं ते संकेतन. रेमिंग्टनच्या बटणांनी युनिकोडही लिहिता येतं, आणि श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडही आहे नि इनस्क्रिप्टही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही हा पेजमेकरचा दोष, तो इनस्क्रिप्टच्या माथी कशाला मारता?

रेमिंग्टनची मांडणी टाइपरायटरच्या लोखंडी खिळ्यांसाठी झाली. अर्धा क वेगळा, पुरा क वेगळा. ि आधी दाबायची कारण कागदावर ती आधी उमटायची, रफार मात्र अक्षरानंतर. गाडा ढकलणाऱ्या यंत्राला ते लागायचं. अकरा वर्षांच्या मुलाला 'किती' हा शब्द 'ि क त ी' असा का शिकवायचा? इनस्क्रिप्टमध्ये बोलतो त्याच क्रमानं बटणं: आधी क, मग ि. ही मांडणी भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये छापलेली आहे, कुणा कंपनीची नाही.

गडहिंग्लज नाका

एक मुद्दा कुणी काढला नाही. इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास एकच आहे. मराठीत जिथं क, तिथंच कन्नडमध्ये क. आमच्या बाजूला निपाणी, संकेश्वर, बेळगावशी रोजचा व्यवहार. कन्नड वाचता येणाऱ्या मुलाला मराठी इनस्क्रिप्ट येत असेल तर कन्नड टायपिंगसाठी नव्यानं शिकायला फार थोडं उरतं. कन्नडला ऱ्हस्व ए वेगळा लागतो, तो झेडवर बसलाय. बाकी बोटं बहुतेक तीच. फोनेटिकमध्ये हे साधत नाही असं म्हणणार नाही, पण तिथं प्रत्येक भाषेचं यादीतून निवडणं नव्यानं अंगवळणी पाडावं लागतं.

उजळाईवाडी

बटणांवर इतकी मारामारी चाललीय आणि खरा घोळ बटणांखाली आहे.

'ॲडमिशन' मधला ॲ मराठी फाइलींमध्ये तीन प्रकारांनी सापडतो. एक, स्वतंत्र ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दोन, हिंदीसाठी ठेवलेला ऍ. तीन, अ ला नुसता अर्धचंद्र जोडलेला, कधी मध्ये न दिसणारा जोडक घालून. छापल्यावर पहिला आणि तिसरा जवळपास सारखे दिसतात, दुसरा ए वर अर्धचंद्र दिल्यासारखा, पण शोध घेतला तर एकाला दुसरा सापडेलच असं नाही. ऱ्य चंही तेच: कुणी ऱ घेऊन पाय मोडतं, कुणी साध्या र चा पाय मोडून पुढं जोडक घालतं. प्रवेशाच्या यादीत 'कोऱ्हाळे' शोधायला जा, नाव समोर असून मशिन म्हणतं नाही. तपासायचं असेल तर वर्डमध्ये अक्षराच्या लगेच उजवीकडं कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. ०९३१ आलं तर तो ऱ, ०९३० आलं तर साधा र.

हे पाचवीच्या मुलाला शिकवा असं म्हणत नाही. शाळेच्या कार्यालयानं मात्र एकच पद्धत ठरवून पाळायला हवी. कीबोर्ड कुठलाही असला तरी हा घोळ होतो, त्यामुळे इनस्क्रिप्ट आलं की सगळं शुद्ध होईल हा भाबडेपणा सोडा.

जुन्या फॉन्टांचं समर्थन मात्र मला कुणीही, कुठल्याही कारणानं करून दाखवावं. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात केलेली विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावून बघा. किरण, नितीन, विजय, शिरीष सगळे एका घोळक्यात येतात, कारण फाइलमध्ये ि आधी साठवलीय आणि मशिन तिच्यावरून क्रम लावतंय. फॉन्ट बदलला की सगळी यादी म्हणजे इंग्रजी चिन्हांची रांगोळी. अंधांसाठी वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं ती यादी वाचूच शकत नाहीत.

ट्रेडल

समर्थन कोण कराय लागलंय? अडचण सांगाय लागलोय. जुनं काम पडलंय त्याचं काय करायचं? जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावला तर ि अख्ख्या जोडाक्षराच्या मागं जायला पायजे ती मधीच अडकतीय. रफार एक अक्षर पुढं सरकतोय. आणि मजकुरात मधी इंग्रजी शब्द असंल तर त्याचंबी देवनागरी करून टाकतंय, कारण जुन्या फॉन्टात दोन्हीचे कोड एकच. 'मोबाईल' च्या पुढं लिहिलेला ई-मेल पत्ता गेलाच समजा. मग प्रूफ कोण वाचणार?

आणि वळणाचं बघा. युनिकोडात पत्रिकेचं नक्षीदार फॉन्ट बोटावर मोजण्याइतकं. मंगल फॉन्ट उघडला तर ल आणि श हिंदीचा. असलं महाद्वार रोडच्या दुकानाच्या पाटीवर टाकलं तर गिऱ्हाईक हसंल.

उजळाईवाडी

मंगल वापरायला कोण सांगतंय? तिरो देवनागरी मराठी घ्या, यशोमुद्रा घ्या, मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, दोन्ही फुकट. पानं जुळवायच्या इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं मोडत असतील तर परिच्छेदाच्या जस्टिफिकेशनमध्ये जाऊन कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करा, नव्वद टक्के तक्रारी तिथंच संपतात. फुकटात हवं तर त्याच कामाच्या स्क्रायबस सॉफ्टवेअरची १.६ आवृत्ती बघा, देवनागरी नीट जुळवते.

नक्षीच्या फॉन्टांबद्दल मात्र ट्रेडल बरोबर आहेत. लग्नपत्रिकेसाठी अजून हात बांधलेलेच आहेत.

रंकाळा टॉवर

पालक म्हणून बोलतो. पोरं फोनवर बोलून लिहितात. माइकचं चिन्ह दाबलं की मराठी आपोआप उमटतं. दहा वर्षांनी कीबोर्ड राहणार की नाही हे माहीत नसताना इनस्क्रिप्टचा अट्टहास का? त्यापेक्षा इंग्रजी टच टायपिंग पक्कं करून घ्या, नोकरीत तेच लागतं. दोन मांडण्या एकदम शिकवल्या की दोन्ही कच्च्या राहतात.

खासबाग

तीस मुलं एका खोलीत एकदम बोलायला लागली की माइकला काय ऐकू जाईल? शिवाय ते यंत्र पुस्तकी मराठीवर तयार झालेलं. 'कुठं चाललाईस' म्हणा, काय उमटतंय बघा. विरामचिन्हं बहुतेकदा हातानंच घालावी लागतात, चुकलेला शब्द सुधारायला परत कीबोर्डच.

इंग्रजी आधी, हे मान्य करायला माझी हरकत नाही. म्हणूनच पाचवी सोडून सहावी म्हटलं. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जन्या ठेवायची सवय दोन्हीकडं एकच. ती पाचवीत लागली तर सहावीत फक्त अक्षरं नवी. घोटाळा होतो तो इनस्क्रिप्ट नि रेमिंग्टन एकत्र शिकवल्यावर, कारण दोन्हीकडं तीच देवनागरी अक्षरं वेगवेगळ्या बटणांवर. इंग्रजी-मराठीत तसा गोंधळ कमी.

यादीतून निवडण्याबद्दल अजून एक. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' यांतलं कुठलं हवं हे यंत्राला कळत नाही, ते जास्त वापरातला शब्द वर ठेवतं. मूल पहिला शब्द घेऊन पुढं जातं. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय त्यानं केलेलाच नसतो.

आठवी ब

शुद्धलेखन मराठीच्या तासाला शिकवतात, सर. तुमच्या इनस्क्रिप्टवर मूल 'पाणी' ऐवजी 'पानि' लिहील तेव्हा त्याला थांबवणारं कुणीच नसेल, निदान फोनेटिकची यादी तरी 'पाणी' समोर आणते.

आणि आठ मिनिटांच्या हिशोबाला कुणी उत्तर दिलेलं नाही. फॉन्ट, कोड, खिळे सगळं झालं. शाहू महाराजांचं नाव अजून कुणी काढलं नाही हेच नवल.

गडहिंग्लज नाका

मॅडम, आठ मिनिटांवर एक उपाय आहे. मशिनवर एक, बाकी दोघं कागदी कीबोर्डवर. ए-फोर कागदावर मांडणी मोठी छापायची, बाकावर ठेवायची. एकानं शब्द वाचायचा, दुसऱ्यानं कागदावर बोटं चालवायची, तिसरा खऱ्या बटणांवर. पाळी फिरत ठेवायची. कागदावर चूक दिसत नाही ही त्यातली खोट, म्हणून वाचणाऱ्यानंच बोट कुठं पडलं ते बघायचं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा इनस्क्रिप्टचा ट्यूटर मोफत मिळतो, पण तिघांत एक मशिन असताना कागद बरा.

आठवी ब

कागदाचं जमण्यासारखं आहे. मग गुण कशाचे? वेगाचे दिले तर घरी संगणक असलेलीच पुढं जातील.

खासबाग

वेगाचे नकोत. पन्नास शब्दांचा उतारा, दहा मिनिटं, चुकलेल्या शब्दाला एक गुण वजा. बॅकस्पेस कितीदा वापरला ते मोजू नका. मिनिटाला पाच शब्द सहावीला पुरे.

ट्रेडल

उतारा बघून टायपाय लावा, ऐकवून न्हाई. छापखान्यात हस्तलिखित बघूनच मारावं लागतंय. आणि छापील नको, हातानं लिहिलेला द्या, जरा गिचमिड. त्यात दऱ्या, ज्ञान, क्षण, ॲडमिशन, मूर्ती हे शब्द घाला. क्ष शिफ्ट-सातवर हाय आणि ज्ञ शिफ्ट-पाचवर, हे ज्याला तक्ता न बघता गावंल त्याला माझ्याकडं धाडा.

आठवी ब

हस्तलिखित उतारा मीच लिहून देईन, माझं अक्षर पुरेसं गिचमिड आहे. सहावीच्या एका तुकडीला कागदी कीबोर्ड, दुसरीला नुसता फोनेटिक, उतारा दोघींना तोच. तोवर लॅबच्या मशिनवरून काहीही काढणार नाही.