जुना ट्रक कॅम्पर: बाहेरची भिंत फुगलीये, घ्यावा का?

ओरेगनवासी: मंडळी, पोर्टलंडजवळ 2006 चा ट्रक कॅम्पर (पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यावर बसवायची राहायची खोली) बघून आलो. 4,500 डॉलर सांगतोय. डाव्या बाजूला खिडकीखाली फायबरग्लास परातीएवढा फुगलाय. दाबलं की आत जातो, सोडलं की परत वर. मालक म्हणतो उन्हाने झालंय, वरवरचं आहे. बायको म्हणते, नाद सोड. काय करू?

सुतारदादा: उन्हाने कसलं डोंबल! पाणी शिरलंय. फायबरग्लासमागे पातळ प्लायवूड, त्यामागे फोम, सगळं ग्लूने चिकटवलेलं. प्लाय भिजलं की थर सुटतात. फुगा खाली दिसला तरी पाणी बहुतेक वरून येतं: खिडकीच्या चौकटीतून, नाहीतर केबिनवरच्या पलंगाच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून. गादी उचल, कोपऱ्यात नाक खुपस. कुबट वास आला तर आतल्या लाकडी सांगाड्याचीही खात्री नाही. आणि सांध्यांवर सिलिकॉन थापलेलं दिसलं तर आणखी कटकट. त्यावर पुढे धड काही चिकटत नाही.

रेखा_सिएटल: ओलावा मोजायचं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, घेऊनच जा. शिवाय तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे ट्रक किती वजन वाहू शकतो त्याचा, स्टिकर वाचलात का? हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअप ट्रकला बरेचसे कॅम्पर झेपत नाहीत.

ओरेगनवासी: स्टिकर बघतो. गादी उचलू का विचारलं, तर म्हणाला आधी विसार द्या.

सुतारदादा: मग वहिनींचं ऐक.