गावात बनवलेली ऊस ट्रॉली: पासिंग आणि तपासणीबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठ:
मंडळी, गळीत हंगामाआधी दोनचाकी ट्रॉली करून घ्यायची आहे. गावातल्या वेल्डरचा हात चांगला आहे, पण कागद देणार नाही म्हणतो. “शेतीच्या ट्रॉलीला कोण विचारतंय?” तालुक्याला कागदांसह मिळते, पण बरीच महाग. ऊस घरचाच, वाटेत एक मोठा उतार आणि थोडा राज्यमार्ग. काय करावं? ताब्यात घेताना काय बघावं?

वकील_पंढरपूर:
कागदाशिवाय अजिबात घेऊ नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये ‘मोटार वाहन’ म्हणजे ट्रेलरसुद्धा. म्हणून ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते. नमुना 20 चा अर्ज तुम्ही करायचा, पण विक्रीचा दाखला (नमुना 21) आणि वाहन रस्त्यालायक असल्याचा दाखला (नमुना 22) विकणाऱ्या-बनवणाऱ्याकडून यावा लागतो. ते नसतील तर पासिंग तिथेच अडतं. विनानोंदणी चालवली तर कलम 192 खाली पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण भीती दंडाची नाही. अपघातात कुणी गेलं आणि ट्रॉलीचा विमा नसला, तर भरपाईसाठी जमीन विकायची पाळी येते. ट्रॉलीवर माणसं बसवू नका, तिथेही विम्याचा दावा अडकतो.

लोखंडवाला_आटपाडी:
मी ट्रॉल्या बांधतो. आधी दांडी, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकाला जोडणारा पुढचा दांडा, बघा. दांडी आणि चेसीचा (खालच्या सांगाड्याचा) जोड हीच तुटायची जागा, तिथे आतून पट्टी मारलेली हवी. दोनचाकीत अ‍ॅक्सल कुठे बसवलाय ते महत्त्वाचं. तो फार पुढे असला, तर भरल्यावर वजन मागे जातं, दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. थोडा भार हुकावर यायलाच पाहिजे. पिनला लॉक हवं, शिवाय साखळी. पिन निसटलेली भरली ट्रॉली कुणाच्या हातात राहत नाही. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर चाकाच्या हबजवळ (मधल्या तुंब्याजवळ) हात नेऊन बघा, तापला असेल तर बेअरिंग फार घट्ट बसलंय. काट्यावर रिकामं वजनही करून ठेवा.

मातीतला_माणूस:
दादा, उताराला न्यूट्रल करू नका. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर सगळा भार ट्रॅक्टरवर येतो, मागून ढकलते आणि दांडी आडवी होते. वरूनच खालचा गिअर टाकून उतरा.
आणि रात्रीचं बघा. आमच्या रस्त्यावर लोक गेलेत ते उभ्या, अंधारातल्या ट्रॉलीला मागून धडकून. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी रिफ्लेक्टर पट्टी लावा.

कृष्णाकाठ:
मागचे दिवे उसाच्या वाढ्यांखाली झाकले जातात, त्याचं काय?

मातीतला_माणूस:
दिवे एका सुट्या पट्टीवर घ्या, वायर लांब ठेवा. ऊस भरून झाला की ती पट्टी मोळ्यांच्या बाहेर टांगायची. सोबत रिफ्लेक्टरचं कापड.

वकील_पंढरपूर:
त्याच पट्टीवर ट्रॅक्टरचा नंबरही घ्या. कलम 61 प्रमाणे तो शेवटच्या ट्रॉलीवर दिसायला हवा. बाकी ऊस ट्रॉलीच्या ठरलेल्या मापाबाहेर लोंबता ठेवला तर कलम 194(1A) खाली दंड 20,000 रुपये आहे.

कृष्णाकाठ:
ठरलं, तालुक्याचीच घेतो. पैसे देण्याआधी नमुना 21 आणि 22 मागतो. आटपाडीवाले, दांडीच्या जोडाचा फोटो टाकला तर बघाल का?

लोखंडवाला_आटपाडी:
टाका. रंग मारायच्या आधीचा हवा, रंगाखाली वेल्डिंगची भेग दिसत नाही.