मदत हवी आहे: साक्ष देताना एका प्रश्नापाशी सगळे अडतात

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात साक्ष द्यायचा, म्हणजे ख्रिस्तावरच्या आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायचा, सराव चालू आहे. साक्ष तीन मिनिटांची: आधीचं जीवन, ख्रिस्ताची ओळख कशी झाली, आता काय बदललं. 'तारण', 'पवित्रीकरण' असे मंडळीबाहेर न कळणारे शब्द काढले, जोड्या लावून एकमेकांना ऐकवलं. पाठ केलेलं भाषणासारखं वाटतं, म्हणून आता फक्त मुद्दे लक्षात ठेवतात. इथवरची भीती बरीच गेली.

अडतं पुढे. ऑफिसात डबा खाताना मित्र सहज विचारतो, "म्हणजे आमचे देव खोटे का?" की झालं! कुणी गप्प बसतं, कुणी वादाला लागतं, कुणी "सगळं एकच रे" म्हणून सुटका करून घेतं. शेवटचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते मनापासूनचं नसतं. बायबलमधलं १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं, पण सौम्यतेने आणि आदराने. कठीण जातं ते हेच.

पत्रकं वाटणं, घरोघरी जाणं नको आहे. समोरच्यानं विचारलं तरच बोलायचं, आणि मैत्री तुटता कामा नये.

तर या प्रश्नावर तुम्ही पहिली दोन वाक्यं नेमकी कोणती बोलता?